मीठ, मोरचूद आणि क्लोरीन : खाऱ्या पाण्याच्या जलतरण तलावांतील हिरव्या शेवाळाच्या नियंत्रणाचा इतिहास

सारांश

खाऱ्या पाण्याच्या जलतरण तलावात शेवाळ धरत नाही, कारण मीठ पाणी टिकवते, असा समज सर्वत्र आढळतो. प्रस्तुत निबंधात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आजपर्यंतच्या जलतरण तलावांच्या इतिहासाच्या आधारे हा समज तपासला आहे. शेवाळाच्या नियंत्रणाचे तीन टप्पे दिसतात. पहिल्या टप्प्यात पाणी बदलले जाई, दुसऱ्यात तांब्याच्या क्षारांचा वापर झाला आणि तिसऱ्यात मिठापासून विद्युत्-अपघटनाने क्लोरीन तयार करण्यात येऊ लागला. प्रत्येक उपायाने आधीचा प्रश्न सोडवला, परंतु एक नवा प्रश्नही निर्माण केला. पाण्याचा स्वच्छ रंग म्हणजे पाण्याची सुरक्षितता नव्हे, आणि हिरवा रंग हा रोग नसून व्यवस्था बिघडल्याचे लक्षण आहे, असा निष्कर्ष या इतिहासातून निघतो.

बीजशब्द : शेवाळ, जलतरण तलाव, विद्युत्-अपघटन, मोरचूद, क्लोरीन, सार्वजनिक आरोग्य

प्रस्तावना

शेवाळ हा शब्द मराठी माणसाला पुस्तकातून शिकावा लागत नाही. विहिरीच्या पायऱ्या, देवळापुढचे कुंड, पावसाळ्यातील अंगणातील फरशी येथे त्याची ओळख होते. मीठ टिकवण्याचे काम करते, हे ज्ञानही तितकेच घरगुती आहे. लोणचे, खारवलेली मासळी, मिठात घातलेले आवळे ही त्याची रोजची उदाहरणे होत. या दोन अनुभवांची सांगड घातली की खारे पाणी नासत नाही व त्यात शेवाळ वाढत नाही, असे अनुमान सहज निघते. अलीकडच्या काळात ज्या तलावांची ‘खाऱ्या पाण्याचे’ म्हणून प्रशंसा होते, त्यांच्याविषयीचा गैरसमज याच अनुमानावर उभा आहे.

वस्तुस्थिती वेगळी आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि समुद्र शैवालांनी भरलेला आहे. मिठागरांतील तीव्र खारटपणातही ‘ड्युनालिएला’ नावाचे सूक्ष्म हरित शैवाल जगते. फ्रान्समधील मोंपेल्ये येथील मिश्शेल फेलिक्स दुनाल यांनी १८३८ साली मिठागरांतील लालसर रंगाचा संबंध अशा सूक्ष्म जीवांशी जोडला होता. १९०५ मध्ये हे शैवाल स्वतंत्र प्रजाती म्हणून वर्णिले गेले, तेव्हा त्यास त्यांचेच नाव देण्यात आले. आधुनिक खाऱ्या तलावात तर लिटरमागे साधारणतः ३ ते ६ ग्रॅम इतकेच मीठ असते, म्हणजे समुद्राच्या एक षष्ठांशाहून फारसे अधिक नाही. एवढ्या मिठाने शेवाळ मरत नाही. मग या तलावात शेवाळाला रोखते ते काय, आणि ते कधी व का अपयशी ठरते, हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने तपासणे उद्बोधक ठरते.

पाणी बदलण्याचा काळ

ब्रिटनमध्ये १८४६ साली सार्वजनिक स्नानगृहे व धुलाईगृहे यांसंबंधीचा कायदा संमत झाला. त्यानंतर अनेक नगरांत सार्वजनिक खर्चाने तलाव उभे राहिले. तेव्हा पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा नव्हती. तलाव भरायचा, काही दिवस वापरायचा आणि रिकामा करून पुन्हा भरायचा, अशी रीत होती. परिणामी पाण्याची अवस्था दिवसागणिक खालावत जाई. बऱ्याच ठिकाणी ताज्या पाण्याच्या दिवशी प्रवेशशुल्क अधिक आणि जुन्या पाण्याच्या दिवशी कमी असे. ज्याच्या खिशात पैसे कमी, त्याच्या वाट्याला गढूळ पाणी, असा हा हिशेब होता. पाण्याची पारदर्शकता ही विज्ञानाची बाब होण्यापूर्वी ती सामाजिक दर्जाची बाब होती, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

समुद्रकाठच्या तलावांना निसर्गाचे साहाय्य होते. ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या किनाऱ्यावर खडकांत बांधलेल्या तलावांत लाटा व भरती-ओहोटी आपोआप पाणी पालटत. कूजी येथील वायलीज बाथ्स हा १९०७ सालचा तलाव या परंपरेतील आहे. येथे शेवाळाचा प्रश्न पाण्यापेक्षा भिंती व पायऱ्यांचा होता. तलाव रिकामा करून निसरडा थर घासून काढणे हाच त्यावरील इलाज होता आणि आजही अशा तलावांत ठरावीक दिवशी तो केला जातो.

विसाव्या शतकात समुद्राचे पाणी पंपाने ओढून भरलेले मोठे तलाव निर्माण झाले. सॅन फ्रान्सिस्को येथील १९२५ सालचा फ्लाइशहॅकर तलाव १००० फूट लांब होता. सिडनी बंदराच्या काठावर १९३६ साली सुरू झालेला नॉर्थ सिडनी ऑलिंपिक तलावही खाऱ्या पाण्याचाच होता. एवढे पाणी वारंवार बदलणे खर्चिक होते. पाणी जितके अधिक काळ टिकवायचे, तितका सूर्यप्रकाश व माणसांच्या अंगावरून येणारी सेंद्रिय द्रव्ये यांचा संचय अधिक, आणि तितके शेवाळाला पोषक वातावरण अधिक. पाणी राखून वापरण्याच्या निर्णयाबरोबरच शेवाळाचा प्रश्न आजच्या स्वरूपात जन्मला, असे म्हणता येईल.

मोरचूद : पहिले रासायनिक शस्त्र

शेवाळावरील पहिला परिणामकारक रासायनिक उपाय पोहण्याच्या तलावांसाठी शोधला गेला नव्हता. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांना ‘स्पायरोगायरा’ या हरित शैवालावर प्रयोग करताना असे आढळले की, अत्यल्प प्रमाणात पाण्यात उतरलेले तांबेही त्या पेशींना मारक ठरते. त्यांच्या मृत्यूनंतर १८९३ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि धातूंच्या या सूक्ष्म मात्रेतील प्रभावाला स्वतंत्र नाव मिळाले. तत्पूर्वी, १८८५ च्या सुमारास, फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी मोरचूद व चुना यांचे मिश्रण द्राक्षांवरील बुरशीसाठी प्रचारात आणले होते. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारास ‘बोर्डो मिश्रण’ या नावाने ते आजही परिचित आहे.

या दोन धाग्यांची गुंफण अमेरिकेत झाली. जॉर्ज मूर व कार्ल केलरमन या तेथील कृषी खात्यातील शास्त्रज्ञांनी १९०४ साली पाणीपुरवठ्याच्या जलाशयांतील शेवाळ मोरचुदाने नष्ट करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मोरचुदाची पोती होडीच्या मागे बांधून ती पाण्यातून फिरवावयाची, इतकी ती सोपी होती. दशलक्ष भाग पाण्यात एक भाग वा त्याहूनही कमी मोरचूद अनेक जातींच्या शैवालांना पुरेसे होई. दुर्गंधी व बेचव पाण्याने त्रस्त झालेल्या नगरांना हा उपाय वरदानासारखा वाटला आणि पुढे तो पोहण्याच्या तलावांतही आला.

मात्र मूर व केलरमन यांनी आणखी एक दावा केला होता. मोरचुदामुळे विषमज्वर व पटकी यांचे जंतूही नष्ट होतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. व्यवहारात हा दावा टिकला नाही. शेवाळाला पुरेशी असणारी मात्रा रोगजंतूंच्या खात्रीशीर नाशास अपुरी ठरली आणि पिण्याच्या पाण्याच्या निर्जंतुकीकरणात काही वर्षांतच क्लोरीनने तांब्याची जागा घेतली. या घटनेचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही. मोरचूद घातलेले पाणी नितळ दिसे, परंतु ते निर्धोक असेलच असे नव्हते. डोळ्यांना दिसणारी स्वच्छता आणि जंतुशास्त्रीय स्वच्छता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा या प्रकरणातून मिळाला.

तांब्याची दुसरी मर्यादा कालांतराने उघड झाली. तांबे शेवाळाला मारते, पण स्वतः नाहीसे होत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील फेअरमाँट सरोवरांत ५८ वर्षे मोरचूद वापरल्यानंतर झालेल्या परिणामांचा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. तळाच्या गाळात तांबे साचले होते, शैवालांत सहनशीलता वाढली होती आणि हरित शैवालांच्या जागी नील-हरित शैवालांचे प्राबल्य आले होते. जलतरण तलावात हेच तांबे भिंतींवर डाग पाडते. फिक्या रंगाच्या केसांना येणारी हिरवट छटा क्लोरीनमुळे येते असे पूर्वी मानले जाई. ती पाण्यातील तांब्यामुळे येते, हे १९७० च्या दशकातील वैद्यकीय निरीक्षणांतून स्पष्ट झाले.

मिठातून क्लोरीन

क्लोरीन हा वायू शीले यांनी १७७४ साली प्रथम तयार केला. ते मूलद्रव्य असल्याचे डेव्ही यांनी १८१० मध्ये प्रतिपादन केले. विलियम क्रुकशँक यांनी १८०० साली, व्होल्टाच्या विद्युत्-घटाची वार्ता ताजी असतानाच, मिठाच्या द्रावणातून विद्युत्प्रवाह सोडला असता क्लोरीन निर्माण होतो हे दाखविले होते. परंतु या निरीक्षणाचा उपयोग होण्यास विद्युत्-जनित्रे स्वस्त होईपर्यंत थांबावे लागले.

१८९० च्या दशकात हा उपयोग प्रथम सांडपाण्याच्या संदर्भात झाला. फ्रान्समध्ये यूजीन हर्मिट यांनी समुद्राच्या पाण्याचे विद्युत्-अपघटन करून जंतुनाशक द्रव तयार करण्याची पद्धत मांडली. १८९३ च्या विषमज्वराच्या साथीने हादरलेल्या इंग्लंडमधील वर्दिंग या सागरतीरावरील गावी १८९४ मध्ये तिचा प्रयोग झाला. त्याच सुमारास अमेरिकेत आल्बर्ट वुल्फ यांनी न्यूयॉर्क राज्यातील ब्रूस्टर येथे अशाच द्रवाचा वापर केला. त्याचे नाव ‘इलेक्ट्रोझोन’ असे होते. या नावात विजेचा व ओझोनचा भास आहे, क्लोरीनचा उल्लेख नाही. आज ‘खाऱ्या पाण्याचा तलाव’ या शब्दप्रयोगातही क्लोरीन असाच दृष्टीआड होतो. नाव देण्यातील हे साम्य योगायोगाचे असले तरी बोलके आहे.

लंडनमधील पॉप्लर या श्रमिक वस्तीच्या विभागात आरोग्य अधिकारी डॉ. एफ. डब्ल्यू. अलेक्झांडर यांनी १९०६ च्या सुमारास क्षारद्रावणापासून विद्युत्-अपघटनाने जंतुनाशक द्रव तयार करण्याचे केंद्र चालविले. घरोघरी वाटला जाणारा हा द्रव पुढे तेथील स्नानगृहांच्या पाण्यासाठीही उपयोगात आणला गेला. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन यांनी ‘अॅक्विटेनिया’ या रुग्णालय-जहाजावर समुद्राच्याच पाण्यापासून असा द्रव बनविण्याची व्यवस्था केली. आजच्या खाऱ्या तलावामागील तत्त्व, म्हणजे जेथे गरज तेथेच मिठापासून क्लोरीन, या प्रयोगांत पूर्णपणे सिद्ध झाले होते.

तथापि मुख्य प्रवाह दुसरीकडे वळला. १९०८ साली जॉन लील यांच्या पुढाकाराने अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात विरंजक चूर्ण नियमितपणे घालण्यास प्रारंभ झाला. १९१० च्या सुमारास ब्राऊन विद्यापीठात जे. डब्ल्यू. एम. बंकर यांनी हीच पद्धत जलतरण तलावास लावली. कारखान्यात तयार होणारे विरंजक चूर्ण व पुढे नळकांड्यांतून येणारा द्रवरूप क्लोरीन स्वस्त होता, तर विद्युत्-अपघटनाचे अग्र लवकर झिजत. १९२९ साली ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने जलतरण तलावांच्या पाण्याच्या शुद्धीकरणावर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला, त्यावेळी पाणी अखंड फिरवणे, गाळणे व क्लोरीन देणे ही दिशा निश्चित होत होती.

ऊन, सायन्यूरिक आम्ल आणि टायटॅनियम

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका व ऑस्ट्रेलियात खाजगी घरांच्या अंगणात तलाव होऊ लागले. येथे प्रशिक्षित कर्मचारी नव्हता आणि डोक्यावर छप्पर नव्हते. उन्हातील अतिनील किरण पाण्यातील मुक्त क्लोरीनचे झपाट्याने विघटन करतात. भर दुपारी तासाभराच्या आत निम्म्याहून अधिक क्लोरीन नष्ट होऊ शकतो. शेवाळाला वाढीसाठी ऊन हवे, आणि तेच ऊन शेवाळाच्या शत्रूचा नाश करते, अशी ही दुहेरी अडचण होती.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून प्रचारात आलेले सायन्यूरिक आम्ल हा त्यावरचा तोडगा ठरला. हे आम्ल क्लोरीनशी सैल बंध जोडून त्यास उन्हापासून वाचविते. पण बांधलेला क्लोरीन मारक म्हणून मंद असतो. आम्ल बाष्पीभवनाने जात नाही, त्यामुळे त्याचे प्रमाण वाढत गेले की क्लोरीनचे मापन समाधानकारक दिसते आणि तरीही पाणी हिरवे होते. तलावाच्या मालकास पडणारे हे कोडे रसायनशास्त्राच्या दृष्टीने कोडे नाही. सायन्यूरिक आम्ल जितके अधिक, तितकी मुक्त क्लोरीनची पातळीही अधिक ठेवावी लागते, एवढाच त्याचा अर्थ होय.

विद्युत्-अपघटन पुन्हा तलावाकडे परतले ते धातुविज्ञानातील एका सुधारणेमुळे. १९६० च्या दशकात हेन्री बीअर यांनी रुथेनियमच्या ऑक्साइडचा लेप दिलेले टायटॅनियमचे अग्र विकसित केले. क्लोरीन उद्योगात त्यांनी ग्रॅफाइटची जागा घेतली. न झिजणारे अग्र मिळाल्यावर घरगुती आकाराचे यंत्र शक्य झाले आणि १९७० च्या दशकापासून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये मीठ-क्लोरीन यंत्रांचा प्रसार झाला. पाण्यात एकदा मीठ विरघळवायचे, पंपाने ते पाणी अग्रांमधून फिरवायचे, तेथे तयार झालेला क्लोरीन तलावात जातो आणि आपले काम करून बहुतांशी पुन्हा मिठाच्या रूपात परततो. ‘खाऱ्या पाण्याचा तलाव’ हा क्लोरीनचाच तलाव असतो. फरक इतकाच, की त्याचा कारखाना तलावाच्या काठावर असतो.

या यंत्राच्या दोन स्वभावगत मर्यादा आहेत. पहिली अशी की, त्याच्या वापराने पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, हळूहळू वाढत जातो. सायन्यूरिक आम्ल नसलेल्या पाण्यात सामू ७.५ असताना मुक्त क्लोरीनचा सुमारे निम्मा भाग प्रभावी हायपोक्लोरस आम्लाच्या स्वरूपात असतो, तर सामू ८ असताना तो पाव भागापर्यंत घसरतो. वाढलेल्या सामूमुळे ऋणाग्रावर कॅल्शियमचा पांढरा थर बसतो व क्लोरीनची निर्मितीच कमी होते. दुसरी मर्यादा गतीची आहे. यंत्र पंप चालू असेपर्यंतच आणि मंद गतीने क्लोरीन देते. रोजची गरज त्यातून भागते. परंतु एकदा शेवाळ फोफावले की ते क्लोरीन निर्माण होण्यापेक्षा अधिक वेगाने खर्च करते.

उपचार, प्रतिबंध आणि त्यातील क्रम

शतकभराच्या अनुभवातून उपचाराचा जो क्रम रूढ झाला, त्याचे मर्म या मर्यादांत आहे. आधी सामू ७.२ ते ७.६ च्या दरम्यान आणायचा. नंतर यंत्रावर विसंबून न राहता बाहेरून सोडियम वा कॅल्शियम हायपोक्लोराइट घालून क्लोरीनची पातळी एकदम उंचावायची आणि पाणी नितळ होईपर्यंत ती खाली येऊ द्यायची नाही. भिंती व कोपरे घासायचे, कारण थराच्या आतल्या पेशींपर्यंत क्लोरीन पोहोचत नाही. पंप अहोरात्र चालवून मेलेले शेवाळ गाळणीत अडकवायचे व गाळणी वेळोवेळी उलट प्रवाहाने धुवायची. सायन्यूरिक आम्ल अतिरिक्त झाले असल्यास पाण्याचा काही भाग बदलण्याला आजही व्यवहार्य पर्याय नाही. अशा रीतीने एकोणिसाव्या शतकातील जुना उपाय अखेरच्या पायरीवर पुन्हा भेटतो.

प्रतिबंधाच्या विचारास सरोवरविज्ञानानेही हातभार लावला. कॅनडातील प्रायोगिक सरोवरांवर डेव्हिड शिंडलर यांनी केलेल्या, १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने शैवालांच्या बेसुमार वाढीतील फॉस्फरसची भूमिका ठळक केली. त्यानंतर तलावातील फॉस्फेट लँथनमच्या क्षारांनी काढून टाकण्याची पद्धत आली. पण तलावात फॉस्फेट असूनही पुरेसा क्लोरीन सातत्याने राखला तर शेवाळ धरत नाही. फॉस्फेट काढणे हा पूरक उपाय आहे, पर्याय नव्हे.

एक रसायन दुसऱ्याला मारक ठरू शकते, याचे जगाने पाहिलेले उदाहरण २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये घडले. ९ ऑगस्ट रोजी मारिया लेंक जलतरण केंद्रातील सूर मारण्याच्या स्पर्धेचा तलाव हिरवा झाला व त्यामागोमाग शेजारच्या तलावाचाही रंग पालटला. प्रारंभीची स्पष्टीकरणे बदलत गेली. अखेर आयोजकांनी सांगितले की, ५ ऑगस्ट रोजी पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घातले गेले होते आणि त्याने क्लोरीन निष्प्रभ केला होता. विशेष म्हणजे क्लोरीन मोजणारी उपकरणे तेथे होती, तरीही बिघाड वेळीच लक्षात आला नाही. समन्वित जलतरणाच्या स्पर्धेपूर्वी सुमारे ३७ लाख लिटर पाणी बदलावे लागले.

हा प्रश्न केवळ शोभेचा नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फॉल रिव्हर येथील एका सार्वजनिक तलावात २०११ साली बुडालेल्या स्त्रीचा मृतदेह गढूळ पाण्यामुळे दोन दिवस कोणाच्याही दृष्टीस पडला नाही. दरम्यान तलाव लोकांसाठी खुला होता. तलावाचा तळ दिसला पाहिजे, हा नियम सौंदर्यदृष्टीतून आलेला नसून जीवरक्षकाच्या नजरेतून आलेला आहे.

समारोप

या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, मिठाने शेवाळ कधीच रोखले नाही. मीठ हा क्लोरीनचा कच्चा माल आहे. दुसरी, प्रत्येक उपायाची किंमत त्याच्या यशानंतर कळली. मोरचुदाने गाळात तांबे साचविले, सायन्यूरिक आम्लाने क्लोरीन वाचविला पण मंद केला, यंत्राने श्रम वाचविले पण सामू वाढविला. समुद्राच्या पाण्यातील ब्रोमाइडमुळे क्लोरीनयुक्त तलावात ब्रोमोफॉर्मसारखी उपद्रवी संयुगे तयार होतात, हेही क्लोरीनजन्य उपपदार्थांकडे १९७४ मध्ये योहानेस रूक यांनी लक्ष वेधल्यानंतरच्या काळात समजले. तिसरी गोष्ट अशी की, नितळ पाणी निर्जंतुक असेलच असे नाही, परंतु हिरवे पाणी मात्र देखभाल तुटल्याची निश्चित साक्ष देते.

महाराष्ट्रातील गावोगावच्या विहिरींत व टाक्यांत टीसीएल पावडर टाकली जाते, त्यामागे जर्सी सिटीतील १९०८ चाच वारसा आहे. तेथे पावडर टाकून काम संपत नाही. नळाच्या शेवटच्या टोकाला ओटी चाचणीने क्लोरीन उरला आहे की नाही हे पाहिल्यावरच ते पूर्ण झाले असे मानतात. जलतरण तलावाच्या इतिहासाचे सारही हेच आहे. किती औषध घातले यापेक्षा किती उरले, आणि ते कोणी, किती वेळा मोजले, यावरच पाण्याचा रंग ठरत आला आहे.